एक वीट जास्त

महाड,
त्रिपुरी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय मैथिली,

पाकीट हातात पडलं की तू आधी घाबरशील आणि मग हसशील. दिवसाआड फोनवर बोलणारी ही बाई आज पोस्टाच्या पेटीपर्यंत कशाला गेली, असं म्हणशील. सांगते. फोनवर मला बोलताच येत नाही गं. हे सतत माझ्या शेजारी असतात. पूर्वी दुकान एके दुकान करणारा हा माणूस दिवसभर घराकडे फिरकायचा नाही, म्हणून मी तुझ्याकडे कुरकुरायचे ना? आता मी आंघोळीला गेले तरी दाराबाहेर स्टूल टाकून बसतात. तुझा फोन वाजला की कान टवकारतात. मग आपण दोघी पापडांचं बोलतो, तुझ्या अनुष्काच्या नव्या नोकरीचं बोलतो, तुमच्या तिथल्या पनवेलच्या पाण्याला नावं ठेवतो, आणि शेवटी तू विचारतेस, दादा कसे आहेत. मी म्हणते, बरे आहेत. आज जेवणानंतर त्यांचा डोळा लागलाय, रखमा मागे भांडी घासते आहे, तेवढ्यात लिहून घेते. मैथिली, ते बरे नाहीत.

तुझ्या घराचं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. रखमा आठवड्यातून एकदा कुलूप काढून झाडून घेते. पावसात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात ओल आली होती, ती आता वाळली. तुळशीला मी पाणी घालते, ती तुझ्यासारखीच हट्टी आहे, पानं गाळते पण मरत नाही. भाऊजींचं दुकान ज्यानं भाड्यानं घेतलंय तो पोरगा बरा आहे, फक्त पंखे विकताना गाणी फार मोठ्यानं लावतो. त्या दिवशी मी त्याला झापलं. येत्या मार्गशीर्षात सुहासभाऊजींना जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध इथेच, त्यांच्या स्वतःच्या घरात करायचं तू ठरवलंस ते मला फार बरं वाटलं. गुरुजींना मी सांगून ठेवलंय. केळीची पानं, तीळ, दर्भ, काही काही आणू नकोस.

पण त्या दिवशी तू इथे येणार, म्हणूनच मला हे सगळं आधी लिहायला हवं. कुठून सुरुवात करू कळत नाही. मामंजींच्या काट्यापासून करते.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तो काटा मोडीत गेला होता, मी मात्र पाहिलाय. भांड्यांच्या दुकानात छताला टांगलेला, दोन माणसं सहज बसतील एवढ्या पारड्यांचा. तेव्हा पितळेची भांडी वजनावर विकायचे. दसऱ्याला काट्याची पूजा झाली की मामंजी आपल्या दोन्ही मुलांना समोरासमोर दोन पारड्यांत बसवायचे. ज्याचं पारडं खाली जाईल त्याच्या हातात पहिला पेढा आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं कुलूप उघडायचा मान. वर राहिलेल्याला मामंजी काय म्हणायचे? "काय रे, तुला घरात जेवायला घालत नाहीत वाटतं!" सगळी आळी बघायला जमायची आणि पोट धरून हसायची. दोघांत जेमतेम दीड वर्षाचं अंतर, त्यामुळे कधी हा खाली तर कधी तो. दसरा जवळ आला की दोघं भाऊ आठ दिवस आधीपासून भाताचा डोंगर रचून खायचे म्हणे. सासूबाई हे इतक्या कौतुकानं सांगायच्या की नवी नवरी असताना मीही खूप हसले होते. मामंजींच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना वाटायचं पोरं अशानं जिद्दीची होतात. झालीच जिद्दीची. इतकी, की काटा मोडीत गेला तरी दोघं त्या पारड्यांतून कधी उतरले नाहीत.

पुढचं तुला ठाऊक आहे, आपण दोघींनी मिळूनच सोसलंय. यांनी फ्रीज आणला की महिन्याच्या आत तुमच्याकडे दोन दारांचा. आमच्या निषादला दहावीला किती पडले हे भाऊजींना आमच्याआधी कळलं होतं, आणि अनुष्काच्या निकालाच्या दिवशी हे सकाळपासून बोळात काहीतरी शोधल्याचं सोंग करत फिरत होते. आमच्या गणपतीचं मखर तुमच्याहून उंच हवं, तुमची दिवाळीची माळ आमच्याहून लांब हवी. आपण स्वयंपाकघराच्या खिडक्यांतून एकमेकींकडे बघून कपाळावर हात मारायचो. मधे तो हातभर बोळ. माझ्याकडून विरजण तुझ्याकडे, तुझ्याकडून तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण माझ्याकडे. हे दोघं बाहेर लढायांवर, आणि आत आपल्या वाट्या चाललेल्या.

मग एकवीस सालचा पूर आला. २००५ च्या पाण्याची खूण दोन्ही घरांच्या भिंतींवर होती, तिच्या वर सामान चढवलं की भागलं, असं दोघंही धरून चालले होते. सावित्री नदीनं त्या खुणेला विचारलंसुद्धा नाही. आपण सगळे तुमच्या गच्चीवर, एका ताडपत्रीखाली, एका पातेल्यातला भात खात होतो, आठवतं? मला त्या दिवसाचं एकच आठवतं. दोघं भाऊ कठड्याला टेकून बसले होते, भाऊजींनी यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं, आणि कोणाचं किती गेलं हा विषयच नव्हता, कारण दोघांचंही सगळंच गेलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, संपलं एकदाचं. चिखल उपसून झाला, भिंती वाळल्या, आणि यांनी हरयाणाची माणसं बोलावली.

जॅक लावून अख्खं घर उचलणारी ती माणसं. फळ्यांवरच्या डब्यांसकट घर इंच इंच वर चढलं. बाजारपेठ लोटली होती बघायला. हे खाली उभे, छाती अशी फुगलेली की शर्टाची बटणं तुटतील. आणि बोळाच्या तोंडाशी भाऊजी, मान वर करून बघत होते. त्यांचं तोंड बघूनच मी समजले की ही माणसं आता तुमच्याकडे येणार. आलीच. मुकादमाला भाऊजींनी उंची विचारू दिली नाही, म्हणाले, "दादाच्या घरापेक्षा एक वीट जास्त." म्हणजे बघ, मधल्या वर्षभरात तुझी खिडकी खाली गेली होती, मी वाटी दोरीनं सोडत होते, तुमचं घर वर आलं आणि आपल्या खिडक्या परत समोरासमोर. दोघांनी घरं आभाळाला नेली आणि होते तिथेच राहिले, फक्त एक वीट सोडून. आपण दोघी हसलो होतो त्यावर. पण यांना ती वीट लागली. म्हणाले, पुराचं पाणी माझ्या अंगावर ढकलायला लावलीय ती. भाऊजी म्हणाले, दादानं आधी घर उचललं तेव्हा पाणी कोणाच्या अंगावर ढकललं होतं? त्यानंतर दोघं बोलले नाहीत. दिवाळी गेली, शिमगा गेला, पुढची दिवाळी आली, दोघं एकाच बोळातून माना फिरवून जात राहिले.

त्या गुरुवारी तू लक्ष्मी मांडत होतीस. दुकानातून निरोप आला तेव्हा तुझ्या हातात आंब्याचा डहाळा होता. पुढचं मी तुला काय सांगू. फक्त एक गोष्ट तुला माहीत नाही. भाऊजींना घरी आणलं तेव्हा हे पायात काही न घालता खाली धावले, तुमच्या पायऱ्यांशी थांबले, आणि मागे वळून मला विचारलं, "मी आत जाऊ का गं?" सख्ख्या भावाच्या घरात, भाऊ आत कायमचा निजलेला असताना, थोरल्या भावानं माझी परवानगी मागितली. मी हाताला धरून वर आणलं. तू त्यांच्याकडे बघून तोंड फिरवलंस. दादा नुसतं एकदा बोलले असते तर, असं तू तेराव्याला म्हणालीस, आणि तुझं खरं होतं. आजही मी त्यांची वकिली करायला बसलेले नाही.

होळीच्या सुमारास यांचं तोंड पहिल्यांदा वाकडं झालं, ते तुला माहीत आहे. हात-पाय सुधारले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेलेत, आठवण राहणार नाही. मला वाटलं चष्मा विसरतील, औषध विसरतील. मैथिली, ते भाऊजी गेलेलं विसरले.

पहिल्यांदा आंब्याच्या दिवसांत. पाटावर बसता बसता म्हणाले, "सुहास जेवला का गो?" बोलणंही बदललंय, पोलादपूरकडे वाडीवर आजीजवळ असताना बोलायचे तसं बोलतात. बाजारपेठेत शुद्ध बोलायचा केवढा तो दिमाख, सगळा गळून पडला. मी खरं सांगितलं. वाटलं, नवऱ्याशी खोटं कसं बोलायचं. ते ऐकून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो भाऊजी गेले त्या दिवशीसुद्धा फोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी उठले आणि विचारलं, सुहास उठला का. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही सांगितलं मी, अशी कशी गं मी निगरगट्ट. प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी भाऊजी नव्यानं गेले. मग मी सांगायचं सोडलं. आता म्हणते, पोलादपूरला गेलेत पाहुण्यांकडे, येतील. लगेच मानतात. चहा ठेव म्हणतात, दमून येल.

आणि सगळ्यात कठीण काय, सांगू? त्यांच्या मनातली चुरस पार पुसून गेलीय. कधी उठून खिडकीशी जातात, तुमचं घर बघतात आणि मला म्हणतात, "सुहासचं घर आपल्यापरास उंच हाय ना? बरं झालं. पानी आलं तर तो सुका ऱ्हायल." एकदा काट्याची आठवण निघाली. म्हणाले, एका दसऱ्याला सुहासनं चड्डीच्या खिशात पितळी वजन घातलं होतं. "मी बघितलं व्हतं, पन बोललो नाय. बापसानं फोडला असता त्याला." इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या कानावर आली नव्हती. भाऊजींना तरी कधी कळली होती का गं? पारड्यात वर लटकत, सगळ्या आळीचं हसू अंगावर घेत, हा मुलगा धाकट्यासाठी गप्प बसला होता. तोच पुढे एका विटेसाठी बोलेनासा झाला. मी रात्रंदिवस हे दोन्ही एकत्र करून बघते आणि मला जमत नाही. त्या भाबड्या माणसाची मी लग्न झाल्यापासून वाट बघत होते. तो घरी आला, पण ज्याच्यासाठी यायला हवा होता तो निघून गेल्यावर.

लोकही बघ काय बोलतात. तुळसामावशी परवा येऊन म्हणाली, मैथिलीपेक्षा तू भाग्याची, तुझं कुंकू जागेवर आहे. मी तिला सांगितलं, मावशी, चहा पिऊन झाला असेल तर निघा. दार लावलं आणि मग रडले, कारण खोटं कशाला बोलू, हे मोजमाप मीही मनात करत होते. कधी वाटायचं, मैथिलीचं एकदा झालं आणि संपलं, माझं रोज होतंय. तिच्या नवऱ्यानं शेवटपर्यंत तिला नावानं हाक मारली. माझा मला कधी आये म्हणतो, कधी परक्या बाईसारखं अहो-जाहो करतो. मग दुसरं मन म्हणायचं, तिच्या ताटासमोर कोणी बसत नाही, तुझ्यासमोर बसतो, लाज वाटू दे. असं आपलं दुःख एकमेकींना लावून बघताना एके दिवशी मलाच शिसारी आली. घरं झाली, फ्रीज झाले, पोरांचे मार्क झाले, आता आपण रडण्यातसुद्धा कोण पुढे ते बघायचं का? यांना हे सगळं सुटायला डोकं रिकामं व्हावं लागलं. आपली डोकी अजून ठिकाणावर आहेत, मैथिली. तुझं तुला फार आहे, माझं मला फार आहे. मी त्या दिवसापासून लावून बघायचं सोडलंय, आणि तेव्हापासून तुझी आठवण नुसती तुझी म्हणून येते.

आता गणपतीतलं सांगते. तू दर्शनाला आलीस आणि लगेच गेलीस, नीट चहासुद्धा घेतला नाहीस. या वर्षी मखर केलं नव्हतं, देव पाटावर बसवला होता. हे भिंतीला टेकून बसले होते. तुला बघून केवढे खुलले, तूही पाहिलंस. मग त्यांची नजर तुझ्या कपाळावर गेली. "कपाळ मोकळं का गो तुझं?" तू देवाला हात जोडलेस आणि खाली उतरलीस. तुला वाटलं असेल, म्हातारा जखमेवर मीठ चोळतो आहे. टिकली तू स्वतःहून सोडलीस. अनुष्कानं किती सांगितलं, पाकिटं आणून ठेवली. तू म्हणालीस, ज्यांच्यासाठी लावत होते तेच नाहीत. तुझं कपाळ, तुझी इच्छा, त्यावर मी कधी चकार शब्द काढला नाही. पण तू गेल्यावर काय झालं ते मी तुला आजवर सांगितलं नाही. मी शब्दानं जे लपवून ठेवलं होतं, ते तुझ्या कपाळावरून त्यांना कळलं. कोणीही न सांगता कळलं. पायऱ्या त्यांना एकट्यानं उतरता येत नाहीत, तरी बसत बसत उतरले आणि तुमच्या कुलपाला हात घालून ओरडत राहिले, सुहास दार उघड, सुहास मी बोलतो, मी बोलतो. आमच्या दुकानातला सोमा आणि शेजारचे दोघं मिळून त्यांना खुर्चीत घालून वर आणलं. विसर्जनापर्यंत त्यांनी अन्नाला हात लावला नाही. रखमा म्हणायची, "वयनी, दादा काय आता ऱ्हात नाय गो." मग एके सकाळी उठले आणि विचारलं, सुहास पोलादपूरहून आला का. ते सगळे दिवस आता फक्त मला आठवतात. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा धक्का बसला तर हृदयाला झेपणार नाही.

म्हणून हे पत्र. श्राद्धाच्या दिवशी बोळापलीकडे तुझ्या घरात गुरुजी असतील, पिंड असतील, पानं वाढलेली असतील, आणि अलीकडे हे माझ्या घरात असतील. तू आलीस हे त्यांना कळेलच, तुझा आवाज ते लांबून ओळखतात, माझा नाही ओळखत. तुला भेटल्याशिवाय ते राहणार नाहीत. तेव्हा मैथिली, सगळं उरकलं की घटकाभर इकडे ये, आणि येताना कपाळावर टिकली लावून ये. नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मी तुझ्याकडे हे मागते आहे, आणि ज्या माणसासाठी मागते आहे तो तुझ्या नवऱ्याशी दीड वर्ष बोलला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तू नाही म्हणालीस तर तुझं काडीचंही चुकणार नाही. मी यांना मागच्या खोलीत नेईन, मोठ्यानं रेडिओ लावीन, आणि संध्याकाळी एकटी तिकडे येऊन तुझ्यापाशी बसेन. आपल्यात काही उणं येणार नाही. पण आलीस, तर ते विचारतील, सुहास कुठं हाय. तेव्हा सांग, पोलादपूरला गेलेत, येतील. हे खोटं मी कितीतरी महिने एकटी बोलते आहे गं. एक दिवस माझ्याबरोबर तू बोल.

तुझीच,
चारुवहिनी